नऊ वारांची बाटली

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ देवराव, दारूडे नव्हते. दारूडे असते तर बरं झालं असतं. दारूड्याला मोहाच्या दारूची धार चालते. प्याला, नालीत पडला, सकाळी तोंड धुऊन पुन्हा मागावर बसला. घरची दोनचार भांडी जातात, पण पोरीचं लग्नाचं लुगडं जात नाही. आमच्या भासऱ्यांनी सगळ्या जन्मात एकच बाटली आणली. तिचं नाव काढलं की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

आमचं घर विणकरांच्या तांडापेठेत. पुढच्या खोलीत दोन हातमाग होते, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. एकावर भासरे, दुसऱ्यावर आमचे हे. आम्ही बायकांनी सूत उकलायचं, ते गुंडाळून कांड्या भरायच्या, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ द्यायची. माझ्या मोठ्या जाऊ प्रयागबाई, त्यांना मी नुसतं बाई म्हणे. त्या दोघांना एकच लेक, चंद्रकला. भासऱ्यांपुढे धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, डोईचा पदर पाडायचा नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून हे सगळं मी दाराआडून पाहिलेलं आहे. आमच्या दाराला फट मात्र चांगली होती.

भासऱ्यांचा हात सुरेख. काठ विणावा तर त्यांनीच, असं सगळी तांडापेठ म्हणायची. पण माणसाला एक खोड होती, साधी वस्तू त्यांच्या डोळ्यांना सहनच होत नसे. एकच घ्यायची, पण अशी घ्यायची की बर्डीवरच्या मोठ्या बाजारातल्या दुकानदारानं उठून नमस्कार करावा. एकदा पितळी मुठीची छत्री आणली. पाऊस आला की ती काखेत धरून स्वतः भिजत घरी यायचे. उघडली तर कापड खराब होईल म्हणत. एकदा अत्तराची कुपी आणली. ती कधी कुणाला लावली नाही. सणाच्या दिवशी बूच काढायचं, सगळ्यांच्या नाकाखालून फिरवायची, की बूच बंद. बाई म्हणायच्या, ‘याहिचा वास बी उपासाचा.’

पण छत्रीनं आणि अत्तरानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षीची गोष्ट. चंद्रकलेचं लग्न जमत होतं आणि तिचं लुगडं तयार झालं होतं. आमच्या घरी लेकीच्या लग्नाचं लुगडं बाजारातून आणत नसत. मायनं कांड्या भरायच्या आणि बापानं विणायचं. कंट्रोलचे, रेशनिंगचे दिवस होते. सूत मिळायची मारामार, रेशीम तर डोळ्याला दिसेना. बाईंनी पोरगी चालायला लागली तेव्हापासून चिमूटचिमूट रेशीम मडक्यात साठवलं होतं, ते सगळं यात घातलं. हळदीच्या रंगाचं अंग आणि दोन्हीकडे डाळिंबी रेशमाचा काठ, त्यात बारीक रुईफुलाची नक्षी. सूत देऊन विणून घेणाऱ्या सेठचं काम उरकून उरलेल्या उजेडात भासऱ्यांनी ते विणलं. विणताना कुणाशी बोलायचे नाहीत. खरं सांगते, तसं लुगडं मी त्याआधी पाहिलं नाही आणि नंतरही नाही.

मागावरून उतरलं तेव्हा बाईंनी ते पांढऱ्या फडक्यात बांधलं, वरून हळदकुंकू लावलं आणि लाकडी पेटीच्या तळाशी ठेवलं. ती गाठ हळदीच्या दिवशीच सोडायची. मधे सोडली तर दृष्ट लागते. म्हणजे गाठोडं सगळ्यांनी पाहायचं, लुगडं कुणीच नाही. ही रीत भासऱ्यांना माहीत होती. फार चांगली माहीत होती.

मुलाचे वडील वामनराव. आमच्याच जातीचे, त्यांच्या बापाचे पाय आमच्यासारखेच खड्ड्यात गेलेले. पण वामनराव शिकले आणि मोठ्या कचेरीत एका इंग्रज साहेबाकडे कारकून लागले. तेव्हापासून अंगातला कोट उन्हाळ्यातही उतरत नसे. मुलगा कृष्णकांत शाळेत मास्तर, गरीब स्वभावाचा. मुलाला नाव ठेवायला जागा नव्हती. बापाला पाहिजे तितकी होती.

सुपारी फुटली त्या दिवशी वामनराव आमच्याकडे बसले. चंद्रकलेनं चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि रुमालानं मिशा टिपल्या.

‘चहा ठीक आहे,’ ते म्हणाले. कचेरीत लागल्यापासून ते पुस्तकासारखं बोलत. ‘पण आम्ही साहेब लोकांत वावरलेलो. साहेबाच्या टेबलावर लाल वाईन असायची. जुनी, विलायती. ती एकदा जिभेवर गेली की मग माणसाला दुसरं काही रुचत नाही.’

‘कशी लागते जी?’ भासऱ्यांनी विचारलं.

‘ते सांगून कळत नाही, देवराव. त्याला तशी जीभ लागते.’

एवढंच बोलले. नंतर लग्नाच्या तिथीचं बोलणं झालं, पानसुपारी झाली, मंडळी गेली. पण मी फटीतून पाहत होते. ‘तशी जीभ लागते’ म्हटल्यावर भासऱ्यांचे कान लाल झाले ते संध्याकाळपर्यंत तसेच होते. जेवताना म्हणाले, ‘इवाई आपल्याले हलका समजून राहिला.’ इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही.

बाई म्हणाल्या, ‘समजू द्या ना. पोट्टं चांगलं हाय. बापाच्या जिभेसंग थोडी नांदाचं हाय तिले?’

‘तुले नाही समजत वं. उद्या तो पोरीले म्हनंन, खड्ड्यातल्याची लेक.’

‘खड्ड्यातल्याचीच हाय,’ बाई म्हणाल्या आणि भाकर वाढली.

झालं असं, की त्याच दिवसांत सिविल लाइनमधले साहेब लोक सामान बांधून विलायतेला निघाले होते. तिथल्या एका बंगल्यावर भासऱ्यांचं जाणंयेणं होतं. मडमेला टेबलावर घालायची कापडं लागत, ती भासरे विणून द्यायचे. मागच्या ओसरीत माल घेणारा खानसामा पॉल, त्याची आणि भासऱ्यांची चांगली ओळख. साहेब गेला तेव्हा जाताना त्यानं पॉलला एक बाटली दिली. साहेबानं ती म्हणे कितीतरी वर्षं जपलेली. पॉल स्वतः दारूला शिवत नव्हता आणि त्याच्याही पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. तो भासऱ्यांना म्हणाला, ‘देवरावजी, ये मामूली बाटल नहीं है। पर मेरे किस काम की? मेरे को पैसा नहीं चाहिए। बेटी के लिए अपने हाथ की एक अच्छी साड़ी दे दो।’

आता सांगा, साधी साडी द्यायला काय झालं होतं? घरात सेठच्या मालातलं एखादं लुगडं होतं, त्याचे पैसे नंतर मजुरीतून फेडता आले असते. पण ‘मामूली नहीं है’ हे शब्द भासऱ्यांच्या कानात गेले, तिथेच सगळं बिघडलं. अशा बाटलीला साधं लुगडं कसं द्यायचं? त्यात त्यांची अब्रू जात होती. पोरीची जात होती ते सुचलं नाही.

आम्ही बायका नाईक तलावावर धुणं घेऊन गेलो होतो. भासऱ्यांनी पेटी उघडली, गाठ सोडली, लुगडं काढलं, त्या जागी आपलं जुनं धोतर घडी करून ठेवलं आणि होती तशी गाठ मारली. विणकराच्या गाठीचं काय सांगावं, तुटलेला धागा ते असा जोडायचे की नखालाही लागू नये. गाठोडं होतं तसं दिसत होतं, वरचं हळदकुंकूसुद्धा पुसलं नव्हतं. हे सगळं आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी आम्हाला कळलं ते इतकंच, की भासरे छत्रीत काहीतरी गुंडाळून आणतायत, तान्हं मूल आणल्यासारखं.

बाटली घरात आली. काळपट हिरवी काच, खांद्यावर धूळ, गळ्याला लाख. बाईंनी विचारलं, ‘हे काय जी?’

‘वाईन हाय. साहेबानं खुश होऊन देल्ली. जाता जाता.’

‘दारू?’

‘दारू नाही वं, वाईन.’

‘दारूच ना?’

‘इवायासाठी हाय. ऐतवारी जेवाले बलावतो त्याले. पाहू त्याची जीभ.’

बाईंच्या तोंडावर शेणात पाय पडल्यासारखी कळा आली. आमच्याकडे मागाजवळ कुणी वहाण घेऊन जात नसे, आणि भासऱ्यांनी बाटली मागाच्या वरच कोनाड्यात, देवाशेजारी ठेवली. ‘इथं उजेड लागत नाही,’ म्हणाले. बाईंनी उठून देवच दुसऱ्या कोनाड्यात नेला. मला म्हणाल्या, ‘रुखमा, हा जरा चांगल्या वस्तीत राहू दे वं.’

ऐतवार आला. बाईंनी मटणाचा रस्सा केला. आमच्या लोकांचा रस्सा म्हणजे तुम्हाला माहीत आहे, वर तेलाचा लाल थर, खाली जाळ. खाणाऱ्यानं एका हातानं घास घ्यायचा आणि दुसऱ्यानं नाक पुसायचं. भासरे सकाळपासून दाढी करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून बाटलीपाशी फिरत होते. उजेडाला धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘गाळ बसला,’ ते म्हणाले.

पॉलनं त्यांना बजावून सांगितलं होतं म्हणे, की खाली काही दिसलं तरी बाटल हलवायची नाही, हळूच ओतायची. पण भासरे विणकर, त्यांचा अर्धा जन्म रंगाच्या हंड्यांजवळ गेलेला. हंड्यात गाळ खाली बसला की रंग कच्चा उतरतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. मग काय करायचं? कोमट करायचं आणि ढवळायचं. भासऱ्यांनी मनात म्हटलं असेल, खानसाम्याला स्वयंपाकातलं कळतं, रंगातलं काय कळणार! बाटली ऊन पाण्याच्या गुंडीत, म्हणजे कळशीत, बुडवली. मग वर काढून दोन्ही तळव्यांत अशी घुसळली, अशी घुसळली, की बाई म्हणाल्या, ‘आता लोणी निघते.’

गाळ वर आला. भासऱ्यांना समाधान झालं. ‘पाह्य,’ म्हणाले, ‘आता कसा एकसारखा रंग झाला. अगदी आपल्या काठाचा.’

‘आपल्या काठाचा’ म्हणताना त्यांचा आवाज जरासा बारीक झाला होता. मला तेव्हा वाटलं, वाफ घशात गेली असेल.

बूच काही निघेना. चरख्याची टोकदार लोखंडी चाती आणली आणि तिनं कोरून कोरून बूच आत ढकललं. अर्धं आत पडलं, अर्ध्याचा भुसा झाला. तो गाळायला फडकं घेतलं. आणि मग पेले. काचेचे गिलास आमच्याकडे कुठले! भासऱ्यांनी त्यांच्या लग्नातले पितळी पेले काढले, चिंच लावून घासले, उन्हात धरले की डोळे दिपावे. बाईंनी पेल्यात वाकून पाहिलं.

‘अजी, याची कलई गेली हाय. याच्यात आंबट नका टाकू, कळकते ते.’

‘आंबट काहून असंन? वाईन हाय ते.’

‘वासच आंबट येऊन राहिला.’

‘तुले तशी जीभ नाही,’ भासरे म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. ज्या घरात सासूनं ताक कधी पितळीत ठेवू दिलं नाही, त्या घरात घरधन्यानं ते लाल पाणी कलई उडालेल्या पितळी पेल्यात भरून ठेवलं. इवाई येईपर्यंत ते निवांत तसंच राहिलं, मुरायला ठेवल्यासारखं. बाईंनी एकदा सांगायचं ते सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्या कधी सांगत नसत.

वामनराव आले, कोट घालून. मागाच्या खड्ड्याच्या काठावर घोंगडी टाकली होती तिथं बसले. पेला पुढे आला. त्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, आणि बाटली पाहून त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला. दाराआडून मी मनात म्हटलं, याला आनंद काहून नाही झाला?

‘हेच ना जी ते?’ भासरे म्हणाले. ‘तुमच्या साहेबाच्या टेबलावरचं?’

‘हो हो. हेच.’

‘घ्या मंग.’

वामनरावांनी घोट घेतला. त्यांचं तोंड काय काय करत होतं ते मी पाहिलं. आधी ओठ आत गेले, मग गाल आत गेले, मग डोळे आत गेले. कच्चं बिब्याचं फळ चावल्यासारखं सगळं तोंड एका ठिकाणी गोळा झालं. तरी त्यांनी गिळलं आणि म्हणाले, ‘वा!’

भासऱ्यांनीही घेतला. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. डोळ्यांत पाणी आलं. पण समोरचा ‘वा’ म्हणतो म्हटल्यावर हे कसे थुंकणार? तेही म्हणाले, ‘वा!’

असे दोघं समोरासमोर बसून ते पीत होते आणि वा वा करत होते. मिशांना लाल गाळ लागलेला, दातांवर बुचाचा भुसा. एकानं घोट घेतला की दुसरा त्याच्या तोंडाकडे पाहायचा, तो थुंकतो का म्हणून. कुणीच थुंकेना. त्याच्यावर बाईंच्या हातचा तो जाळ रस्सा. घामानं वामनरावांचा कोट पाठीला चिकटला, तरी काढला नाही.  वास असा होता, की शिळं लोणचं आणि भिजलेलं चामडं एका मडक्यात घालून महिनाभर विसरावं.

‘अजून घ्या जी.’

‘तुम्ही घ्या.’

‘नाही नाही, तुमच्यासाठीच आनली.’

एवढ्यात दारात हाक आली, ‘देवरावजी हैं क्या?’

पॉल खानसामा आला होता. स्वच्छ पांढरा कोट, एका हातात कागदात बांधलेला केक, दुसऱ्या हातात एक लहान गाठोडं. भासऱ्यांनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या हातातला पेला तसाच थांबला. बाई पदर सावरून पुढे झाल्या. पॉलनं त्यांना वाकून नमस्कार केला.

‘बाई, आपकी बड़ी मेहरबानी। मेरी बेटी ने साड़ी देखी तो रो पड़ी। बोली, ऐसी तो मेमसाब के पास नहीं थी।’

‘कोनची साडी?’ बाई म्हणाल्या.

‘वही, पीली वाली। लाल किनार की। पर हमारे में नौ गज नहीं पहनते ना, छे में हो जाता है। तो घरवाली ने काट लिया। ये तीन गज बचा। हमारे पास रखना ठीक नहीं लगा। आपका माल आपके पास।’

त्यानं गाठोडं उघडून पुढे केलं. हळदीचं अंग, डाळिंबी काठ, काठात रुईफूल.

 बाईंनी तो तुकडा हातात घेतला आणि जिथं कात्री चालली होती तिथून अंगठा फिरवला. विणकराच्या घरात लुगड्यावर कात्री चाललेली पाहणं काय असतं ते कसं सांगू? माझ्या अंगावर काटा आला. मग त्या पेटीपाशी गेल्या. गाठ सोडली, भासऱ्यांची ती सुरेख गाठ. आतून जुनं धोतर निघालं, गुडघ्यावर विरलेलं.

चंद्रकला चुलीपाशी होती, ती उठून दारात आली. तिनं मायच्या एका हातात धोतर पाहिलं आणि दुसऱ्या हातात तुकडा. त्या लुगड्याच्या कांड्या तिनंही भरल्या होत्या. पोरगी रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

बाई पुढच्या खोलीत आल्या. डोईचा पदर नीट केला आणि तो तुकडा दोघांच्या मधे, रश्श्याच्या भांड्याशेजारी ठेवला.

‘ओळखता का जी?’

भासरे खाली पाहत होते.

‘काय आहे हे?’ वामनराव म्हणाले. त्यांचा रंग तोवर माठावरच्या ओल्या फडक्यासारखा झाला होता.

‘तुमच्या सुनेचं लग्नाचं लुगडं हाय, इवाई. एवढं उरलं. बाकीचं तुमच्या पेल्यात हाय. प्या ना, काहून थांबले?’

वामनरावांनी पेल्यात पाहिलं. त्यात बुचाचे तुकडे तरंगत होते आणि कडेनं हिरवट तवंग आला होता. कळकलं होतं ते. त्यांनी तोंडावर हात ठेवला, उठायला गेले, आणि उठणं जमलंच नाही. मान वळवली ती सरळ मागाच्या खड्ड्यात. जे आत गेलं होतं ते सगळं बाहेर आलं, वाईन, रस्सा आणि सकाळचा चहासुद्धा. त्यांचा आवाज ऐकला आणि भासऱ्यांचाही धीर सुटला. ते दुसऱ्या बाजूनं खड्ड्यात वाकले. दोन इवाई, एका खड्ड्यात, समोरासमोर. थू! लिहितानाही मला पदर नाकाला लावावा लागतोय.

मधे जरा दम मिळाला तेव्हा वामनराव काठाला डोकं टेकून बोलले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडी आपली बोली आली.

‘मले नाही माहीत गा देवराव, कशी लागते ते. साहेबानं मले थेंब बी नाही देल्ला कधी. टेबल साफ होऊन राहिलं होतं, तवा एक रिकामा गिलास मिया नाकाले लावून पाह्यला. बस.’

‘वास?’ भासरे म्हणाले.

‘वासच.’

‘आन् तो कसा होता?’

‘बराच होता,’ वामनराव म्हणाले आणि पुन्हा वाकले.

म्हणजे आमच्या भासऱ्यांनी दुसऱ्यानं घेतलेल्या वासापायी लेकीचं लुगडं दिलं! अत्तराच्या कुपीचं बूच काढणाऱ्याला सवाई बूचवाला भेटला होता.

पॉल बिचारा दारातच उभा होता, केक हातात धरून. त्याला सगळं समजलं होतं. म्हणाला, ‘बाई, मेरे को मालूम नहीं था। मैं अभी जाके लाता हूं। जोड़ के सिल देंगे, पता नहीं चलेगा।’

बाईंनी मान हलवली. ‘जोडलेलं लुगडं नवरीले नेसवत नाही, भाऊ. तुमच्या पोरीले नेसू द्या. तिनं काय बिघडवलं? तिले म्हना, काठ जपजो. धुतांनी आपटू नको.’

‘और आपकी बेटी?’

बाईंनी रेशमाच्या मडक्याकडे पाहिलं.  लग्न तोंडावर आलेलं, मडकं रिकामं, सूत मिळायचं नाही. पोरीनं नेसायचं काय?  खड्ड्यातून तेवढा कण्हण्याचा आवाज.

मग चंद्रकला पुढे आली. बापासमोर कधी मान वर न करणारी पोरगी. तिनं तो तुकडा उचलला, हातभर लांब धरला, इकडून तिकडून पाहिला.

‘माय, मी तुह्यं जुनं लुगडं नेसीन. लाल वालं. याचा अंतरपाट होते.’

‘अंतरपाट?’

‘हो. तीन वार पुरते. आन् बाबा, एक टोक तुमी धरजा. दुसरं मामाजी धरतीन.’ मामाजी म्हणजे होणारे सासरे. मग बापाच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, ‘वर धरजा. सगळ्याहिले काठ दिसला पाह्यजे. तुमी लय सुंदर विनला होता.’

भासऱ्यांनी तेव्हा तोंड झाकून घेतलं. ओकारीमुळे म्हणा, कशानं म्हणा.

मी राख आणायला वळले तर बाईंनी हात धरला. ‘तू नाही वं रुखमा. राख दे फक्त. ज्याहिनं खड्डा भरला ते काढतीन.’ मग काय, दोघा इवायांनी धोतरं वर खोचली आणि खड्डा साफ केला. वामनरावांनी अखेर कोट काढला. खाली बंडीला ठिगळ होतं, आमच्यासारखंच. पुसायला फडकं मागितलं तेव्हा बाईंनी पेटीतलं ते जुनं धोतर दिलं. म्हणाल्या, ‘लय जपून ठेवलं होतं. हळदकुंकू लावून.’

वामनरावांनी नंतर लग्न मोडायचं नाव काढलं नाही. मोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

लग्न झालं. चंद्रकला मायच्या विरलेल्या लाल लुगड्यात उभी राहिली, आणि मधे तो अंतरपाट. एका टोकाला भासरे, दुसऱ्या टोकाला वामनराव. भटजींना बाईंनी आधीच काहीतरी सांगून ठेवलं असणार, कारण मंगलाष्टकं काही संपेनात. एक झालं की दुसरं सुरू. दोघांचे हात भरून आले. जरा खाली आले की बायकांतून आवाज यायचा, ‘वर धरा जी, काठ दिसून नाही राहिला!’ मांडवातला प्रत्येक विणकर त्या काठाकडे पाहत होता. ‘कोनं विनला हा?’ ‘देवरावनं.’ ‘मंग असा तुकडा काहून हाय?’ भासऱ्यांना ते ऐकू येत होतं आणि हात वर असल्यानं कान झाकता येत नव्हते. काठाच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, ओले. अंतरपाट दूर झाला, कृष्णकांतनं चंद्रकलेला पाहिलं आणि हसला. अंगावर काय नेसलं आहे ते त्यानं पाहिलंच नसेल.

पुढे तो तीन वारांचा तुकडा आमच्या आळीचाच अंतरपाट झाला. कुणाकडेही लग्न निघालं की चंद्रकलेकडून मागून आणायचा. भासरे त्या लग्नांना जायचे, पण मंगलाष्टकं सुरू झाली की पाणी प्यायला बाहेर. त्यांनी काठ पुष्कळ विणले नंतर, चांगले विणले. डाळिंबी मात्र पुन्हा विणला नाही. सेठनं मागितला तरी म्हणायचे, तो रंग नाही जमत आता.

बाटली बाईंनी फेकू दिली नाही. धुतली, राखेनं घासली, तिच्यात घासलेट भरलं आणि पुन्हा त्याच मागावरच्या कोनाड्यात ठेवली. देवाला मात्र परत तिथं आणलं नाही. दिवेलागणीला भासऱ्यांनाच हाक मारायच्या, ‘अजी, तुमची वाईन द्या जरा, कंदिलात टाकाची हाय.’ आणि भासरे मुकाट्यानं मागावरून उठून द्यायचे. मरेपर्यंत देत होते. घासलेटाचा वास मला तेव्हापासून फार चांगला वाटतो.